रोप जीव धरतं

बसा.

जिथे आहात तिथेच बसा. पाठ सरळ असू द्या, पण ताठ नको. हात मांडीवर मोकळे सोडा.

एक श्वास आत घ्या. सावकाश सोडा.

आज फार लांब जायचं नाही. एका शेताच्या बांधावर जायचं आणि तिथेच थांबायचं. बघायचं आहे ते भाताचं एक रोप. तेवढंच.

शेत साजगावचं आहे. खालापूर तालुक्यातलं, खोपोलीला लागून असलेलं गाव. आषाढ चालू आहे. एक सर नुकतीच येऊन गेली आहे.

समोर सह्याद्रीची भिंत. माथा ढगात आहे. खालची हिरवी उतरण तेवढी दिसते, आणि तिच्यावरून उतरणारे पांढरे ओहोळ.

बांधावर उभे राहा. पायाखालची माती मऊ आहे. जरा दबते, पण तुम्हाला धरून ठेवते.

आधी लांबचे आवाज ऐका. घाट चढणाऱ्या ट्रकांची घरघर. कुठल्याशा कारखान्याचा भोंगा. कर्जतकडून खोपोलीला येणारी लोकल.

त्यांना हाकलू नका. येऊ द्या, जाऊ द्या.

आता जवळचे आवाज. बेडकांची डरावडराव. चिखलातून उपसलेल्या पायाचा आवाज. लावणी करणाऱ्या बायकांचं बोलणं.

आणि त्याहून जवळचा, तुमचा श्वास.

मनात म्हणा, प्रभू, मी इथे आहे.

पुन्हा म्हणा. मी इथे आहे.

*

शेताच्या वरच्या अंगाला राब आहे. तिथे बघा.

रोपं इतकी दाट उगवली आहेत की माती दिसतच नाही. वारा आला की सगळा तुकडा एकदम हलतो.

ही रोपं इथे उगवली. पण त्यांच्या आधी या जागेवर काय झालं, ते आठवा.

उन्हाळा होता. जमीन तापलेली होती. कोणीतरी इथे शेण पसरलं. त्यावर झाडांचा टहाळ टाकला, पालापाचोळा टाकला, वरून मातीचा पातळ थर दिला. मग वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवलं.

राब भाजला.

आच हळूहळू खाली उतरली. मातीत दडलेलं तणाचं बी जळालं. ढेकळं भुसभुशीत झाली. राख उरली.

मग मृगाचा पाऊस आला. आणि मग बी पडलं.

क्रम बघा. आधी आग. मग बी.

या बियाने ती आग पाहिलीच नाही. त्याच्या येण्याआधी ती होऊन गेली होती.

इथे थांबा. एक श्वास घ्या.

यरुशलेमेच्या वेशीबाहेर, गुलगुथा नावाच्या जागी, एक वधस्तंभ उभा राहिला. तुम्ही तिथे नव्हता. तुमचं एकही पाप अजून घडलेलं नव्हतं. तरी त्या सगळ्या पापांचा दाह तिथे एकाने आपल्या अंगावर घेतला.

ती आग होऊन गेली आहे.

हे पटवून घ्यायची घाई करू नका. नुसतं त्या राखेकडे बघत राहा. काळी, थंड, पावसाने भिजलेली राख. तिच्यातून वर आलेला कोवळा हिरवा कोंब.

तुमच्या मनात अजून कुठे भीती असेल. देव कधीतरी हिशेब काढील, जुनं सगळं समोर मांडील, अशी भीती. ती आत्ता वर आली तर येऊ द्या. तिला या राखेपाशी आणा.

ती आग होऊन गेली आहे.

*

आता एक हात येतो.

पेरणी होऊन तीनेक आठवडे झाले आहेत. रोप लावणीला आलं आहे.

हात रोपांना खाली, मुळाशी धरतो. ओढतो. मुळं मातीतून सुटतानाचा बारीक आवाज येतो. ऐकलात?

मुळांनी माती धरलेली आहे. बाई ती मूठ आपल्या पायावर आपटते. एकदा, दोनदा. माती झडते. मग ती मूठ पाण्यात खळबळून काढते, पेंढ्याच्या काडीने बांधते आणि बाजूला ठेवते.

त्या मुळांकडे जवळून बघा. पांढरी, दोऱ्यासारखी बारीक. काही तुटली आहेत. बाकीची ओली, चकचकीत, हवेत उघडी पडलेली.

रोप स्वतःला उपटू शकत नाही.

हे वाक्य मनात थोडं राहू द्या.

किती वर्षं आपण स्वतःच स्वतःला उपटायला बघतो. शपथा घेतो. उपास धरतो. रात्री रडून ठरवतो, उद्यापासून नाही. सकाळी मुळं तिथेच असतात, त्याच मातीत.

तुमचं जे काही आहे, ते आत्ता आठवा. राग असेल. दारू असेल. वर्षानुवर्षं सांभाळलेलं एखादं खोटं असेल. भावाचं चांगलं झालं की पोटात पडणारा पीळ असेल. मोठ्याने नाव घ्यायचं नाही. तुम्हाला माहीत आहे, आणि ज्याला सांगायचं त्यालाही माहीत आहे.

आता तुमच्या मुळाशी आलेला हात बघा. त्या हाताच्या तळव्यात खिळ्याचा व्रण आहे.

तो हात माती झाडतो. मूळ ठेवतो.

श्वास घ्या. पुन्हा म्हणा, माती झाडतो, मूळ ठेवतो.

पाप तुम्हाला लागलेलं आहे, आत खोलवर लागलेलं आहे. पण पाप म्हणजे तुम्ही नव्हे. ज्याने तुम्हाला घडवलं त्याला यातला फरक कळतो. आपल्याला कळत नाही म्हणून आपण एक तर दोन्ही कवटाळतो, नाही तर दोन्ही फेकायला निघतो.

तो हात चुकत नाही.

*

चिखलणी झालेलं खाचर समोर आहे. पाणी गढूळ. त्यात ढगांचं राखाडी प्रतिबिंब.

बाई वाकते. डाव्या हातात मूठ. उजव्या हाताने त्यातली दोन-तीन रोपं वेगळी काढते. अंगठा आणि दोन बोटं चिखलात शिरतात, बोटाच्या पेराएवढीच. रोप तिथे सोडून बोटं वर येतात.

फार खोल नाही. खोल गेलं तर फुटवे कमी येतात, हे तिला माहीत आहे.

एक चूड. एक पाऊल मागे. दुसरा चूड.

बघत राहा. बोटं आत, बोटं बाहेर.

पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय याच जागी उभा आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्यात जे घडतं त्याला तो पुरलं जाणं म्हणतो. ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं, आणि त्याच्याबरोबर उठणं. जुना धनी, म्हणजे पाप, अजूनही हाक मारू शकतो, पण त्याची मालकी संपली आहे. मेलेल्या माणसावर मालकी कसली?

तुमचा बाप्तिस्मा आठवतो का? काहींना आठवेल, नदीत झाला असेल, थंड पाण्याने अंग शहारलं असेल. काहींचा तान्हेपणी झाला असेल, आईच्या मांडीवर. काहींचा झालाच नसेल, आणि तरीही तुम्ही इथवर वाचत आला आहात. या, बसा. बांधावर सगळ्यांना जागा आहे.

चिखलात उतरलेल्या त्या रोपाकडे बघा. त्याने जागा निवडली नाही. जागेची किंमत मोजली नाही. त्याला इथे आणलं गेलं.

आता ते या शेताचं आहे.

मुळं अजून धरलेली नाहीत. तरी ते या शेताचं आहे.

हे दोनदा वाचा. मुळं धरायची बाकी आहेत, पण ते या शेताचं झालं आहे.

*

दुसऱ्या दिवशी त्याच बांधावर या.

रोपं मान टाकून पडली आहेत. पात्यांची टोकं पिवळी. काही पाती पाण्यावर आडवी तरंगताहेत. शेजारचा राब कसा हिरवागार होता, आणि हे काय झालं?

शहरातून आलेला कोणी म्हणेल, मेली.

शेतकरी तसं म्हणत नाही. तो पाणी किती आहे तेवढं बघतो, बांधाचं तोंड नीट करतो आणि घरी जातो. मुळं धरली का ते बघायला तो एकही रोप उपटून पाहत नाही. कोणी विचारलं तर सांगतो, जीव धरतंय.

जीव धरतंय.

विश्वासात आल्यानंतरचे असे दिवस तुमच्या वाट्याला आले असतील. जुनं तर सुटलं, नवं अजून अंगी लागलं नाही. प्रार्थनेला बसावं तर शब्द येत नाहीत. जुनी सवय दारात येऊन उभी राहते. आणि आतून कोणी म्हणतं, तुझं काही बदललेलंच नाही.

पंडिता रमाबाईंचं स्मरण करा.

२९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. लहानपणापासून आई-वडिलांबरोबर तीर्थामागून तीर्थं पायी हिंडलेली, आणि ते दोघंही दुष्काळात गमावलेली ही विदुषी. परतल्यावर ११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. मुंबई-पुणे रेल्वेची वाट तेव्हाही कर्जतवरून, समोरच्या या घाटातूनच जात होती.

बाहेरून बघणाऱ्याला काय दिसलं असतं? धर्म बदललेली, संस्था उभी करणारी, ठाम बाई.

पण १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं: आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण त्या धर्माचा जीव असलेला ख्रिस्त अजून सापडलेला नाही. मग त्या जशा होत्या तशा, पापी म्हणून, त्याच्यापुढे आल्या. काही कमावून न आणता. आणि ओझं उतरलं.

आठ वर्षं.

त्या आठ वर्षांत त्या शेताबाहेर नव्हत्या. चिखलाखाली, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी, काहीतरी चाललं होतं.

पुढे त्यांनी केडगावला जे उभं केलं, त्याचं नाव मुक्ती. दुष्काळात सापडलेल्या, टाकलेल्या शेकडो बायका-मुली तिथे आल्या.

तुमचं आठवं वर्ष असेल. तिसरं असेल. विसावं असेल.

उपटून बघू नका.

श्वास घ्या. सोडा. जीव धरतंय.

*

आता मान वर करा. ओळीने वाकलेल्या बायकांकडे बघा.

कोणी गावातली आहे, कोणी ठाकूरवाडीतली, कोणी कातकरीवाडीतली. डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद. कोपरापर्यंत चिखल.

त्यांच्या हातांकडे बघा. कोणता हात कोणाचा, सांगता येतं का?

लक्ष्मीबाई टिळकांच्या माहेरी कोणता हात कोणाचा हे बघितलं जाई, इतकं सोवळं कडक. वडिलांना विटाळाचा असा धसका, की घरात आलेलं धान्यही धुऊन घ्यावं लागे. पुढे १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, मुंबईत ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई दुःखाने वेड्यासारख्या झाल्या. काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्या तरी सोवळं सोडवत नव्हतं.

आणि मग एकदा बसल्या असताना त्यांच्या मनात उजाडलं, की ही जातीची उतरंड देवाने घातलेली नाही, माणसांनी घातलेली आहे. त्यांनी ठरवलं, यापुढे कोणाच्याही हातचं खाणार, पिणार. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं आहे.

एका घोटभर पाण्यात केवढी सुटका असते, बघा.

ज्याला पापक्षमा मिळाली त्याची ओळख आता एकच राहते, देवाचं लेकरू. ती मिळाली की वरचढपणा लागत नाही. कमीपणाही उरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना विटाळ म्हणून बाजूला बसवलं, त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी महाराष्ट्रात ही हाक ऐकली आणि पहिल्यांदा पाठ सरळ केली.

तुम्हाला लहानपणी कोणी काय म्हटलं होतं? कोणत्या शब्दाने हिणवलं होतं? तो शब्द अजून आत असेल.

त्याच्यावर आता एक हलका हात ठेवा.

मग ऐका. लेकरा.

पुन्हा ऐका. लेकरा.

*

रोपाकडे परत या. आठवडा गेला आहे.

पाती उभी राहिली आहेत. पिवळेपणा ओसरतो आहे. बुंध्याशी बघा, नवा फुटवा येतो आहे. आणखी एक. एका चुडातून किती कणसं निघतील, ते आत्ता सांगता येत नाही.

माती तीच आहे. पाऊस तोच, वाराही तोच. डोंगरावरून येणारं पाणी सगळ्याच खाचरांतून फिरतं, आणि पुढे पाताळगंगेला मिळतं.

ख्रिस्ताचं झालं म्हणून कोणी या मातीला परकं होत नाही. इथून जवळ ताकईला विठोबाचं देऊळ आहे. कार्तिकात तिथे मोठी यात्रा भरते. तुकोबा घाट उतरून या भागात मिरच्या विकायला येत, असं इथली माणसं सांगतात. आणि ना. वा. टिळकांची श्रद्धा होती, की आपण ख्रिस्तापाशी पोचलो ते तुकोबांच्याच वाटेने. त्यांची भजनं मराठी मंडळ्यांमध्ये आजही रविवारी म्हटली जातात, टाळ वाजवत.

शेजाऱ्याच्या भक्तीपुढे मान लववा. आपल्या मुळाशी घट्ट राहा. दोन्ही एकाच वेळी जमतं.

आता खाली बघा. रोपाच्या शेजारी काहीतरी उगवलं आहे. पात्यासारखंच पातं, जवळजवळ तसाच रंग.

तण आहे.

नव्या शेतातही तण उगवतं. विश्वास ठेवल्यावरही मनात वाईट येतं, तोंडून वाईट जातं. घाबरू नका. तण उगवलं म्हणून रोप तण होत नाही.

ते काढायचं असतं. वाकून, हाताने, मुळासकट. बेणणी एका दिवसात संपत नाही. पाप कबूल करणं म्हणजे हीच रोजची बेणणी, आपल्याच शेतात, दिवसाच्या उजेडात.

या आठवड्यातलं एक तण आत्ता काढा.

कोणतं, ते शांत बसल्यावर आपोआप वर येईल. वाट बघा.

आलं?

त्याला धरा. सबब सांगू नका, सजवू नका. प्रभू, हे माझ्याकडून झालं, एवढंच म्हणा.

आणि सोडा.

ज्याच्यापुढे ते ठेवलंत, तो तुम्हाला शेताबाहेर काढणार नाही. तुम्ही कोणाचे आहात हे ठरून गेलं आहे. तुमच्या चांगल्या आठवड्याने ते ठरलं नव्हतं, वाईट आठवड्याने ते मोडणार नाही.

थोडा वेळ काहीच करू नका. काही मागू नका. राहा.

एक श्वास आत. एक बाहेर.

*

आता डोळे उघडा, किंवा समोर बघा. खोली, खिडकी, घड्याळ, राहिलेली कामं.

जे आत ऐकलंत ते हाताने करून बघितल्याशिवाय पक्कं होत नाही. म्हणून उठण्याआधी एका माणसाचं नाव मनात आणा. तुम्ही ज्याला दुखावलं, आणि माफी मागायची राहून गेली, असा कोणी. घरातलाच असेल. कदाचित आत्ता पलीकडच्या खोलीत असेल.

आजवर माफी मागणं जड गेलं. आपली चूक कबूल केली तर आपण काय उरू, ही धास्ती होती.

तुम्ही कोण ते आता तुम्हाला माहीत आहे. क्षमा मिळालेल्या माणसाला क्षमा मागताना गमावण्यासारखं काही नसतं.

उठा. जा, आणि त्याच्याशी बोला.